दोषारोपपत्रापासून अपिलापर्यंत: विभागीय चौकशी नियमाने कशी चालावी

दोषारोपपत्राचा लखोटा येतो तो बहुधा कार्यालय भरलेले असताना. लिपिक पोचपावतीवर सही मागतो आणि आसपासची टेबले एकदम गप्प होतात. अशा वेळी ‘मी हे घेत नाही’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो आणि बचावातली पहिली चूक तिथेच होते. ज्ञापन, म्हणजे दोषारोप कळवणारे हे पत्र, नाकारल्याने चौकशी थांबत नाही. नाकारल्याचा शेरा तेवढा नस्तीत, म्हणजे प्रकरणाच्या फायलीत, जातो आणि पुढच्या एकतर्फी चौकशीला तोच आधार पुरवतो. म्हणून लखोटा घ्यावा, सहीखाली तारीख घालावी, पाने मोजावीत आणि एखादे जोडपत्र कमी असेल किंवा एखादी प्रत वाचता येत नसेल तर त्याच दिवशी तसे लेखी कळवून पोच घ्यावी.

हे विवेचन मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना समोर ठेवून केले आहे. बचाव सहाय्यक, म्हणजे कर्मचाऱ्याला बाजू मांडायला मदत करणारा, म्हणून काही चौकश्यांत बसल्यावर माझे मत असे झाले आहे की, कर्मचारी असो वा प्रशासन, दोघांची प्रकरणे बिघडतात ती एकाच कारणाने: जे ज्या दिवशी लिहायला हवे होते ते त्या दिवशी लिहिलेले नसते. त्यामुळे चौकशी अधिकारी किंवा शासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी म्हणून नेमले गेलेल्यांनीही हे आपल्यासाठीच आहे असे समजून वाचावे.

कोणते नियम लागू आहेत, हे आधी ठरवा

संविधानाच्या अनुच्छेद 311 ने नागरी सेवेतील कर्मचाऱ्याला दोन गोष्टींची हमी दिली आहे. नियुक्ती प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या प्राधिकाऱ्याला त्याला बडतर्फ करता येत नाही किंवा सेवेतून काढून टाकता येत नाही. तसेच दोषारोप कळवून, म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याखेरीज बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे किंवा पदावनती यांपैकी कोणतीही शिक्षा देता येत नाही. याला तीन अपवाद आहेत: फौजदारी आरोपावरून झालेली दोषसिद्धी, चौकशी करणे व्यवहार्य नसल्याचे लेखी कारणांसह नोंदवलेले मत, आणि राज्याच्या सुरक्षिततेचे कारण. हे अपवाद 1985 च्या तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासले आहेत. ‘चौकशीला वेळ लागेल’ हे व्यवहार्यता नसल्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये दिली आहे. निलंबनासाठी नियम 4, शिक्षांसाठी नियम 5, बडतर्फी, पदावनती यांसारख्या जबर शिक्षेच्या चौकशीसाठी नियम 8, चौकशी अहवालावरील कारवाईसाठी नियम 9 आणि किरकोळ शिक्षेसाठी नियम 10, एवढे क्रमांक लक्षात असले तरी बहुतेक पत्रांचा अर्थ लागतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत. महामंडळे व महानगरपालिका यांचे आपापले विनियम आहेत आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना अनुच्छेद 311 चा आधार सहसा मिळत नाही. मात्र नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, म्हणजे म्हणणे ऐकून घेणे आणि निःपक्षपातीपणा, त्यांनाही लागू राहतात.

ज्ञापन नियम 8 खाली आहे की नियम 10 खाली, हे पहिल्याच वाचनात पाहावे. नियम 10 खाली साधारणपणे लेखी खुलाशावर निर्णय होतो आणि ठपका ठेवण्यासारखी किरकोळ शिक्षा दिली जाते. पुढील वेतनवाढींवर कायमचा परिणाम होईल अशा रीतीने वेतनवाढ रोखायची असेल तर मात्र केवळ खुलाशावर ते करता येत नाही, रीतसर चौकशी करावी लागते. ‘एक वेतनवाढ कायमस्वरूपी रोखण्यात येत आहे’ हे वाक्य दिसायला साधे असले तरी निवृत्तीपर्यंतच्या पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब ते बदलून टाकते.

निलंबन झाले असेल तर

निलंबन ही शिक्षा नाही, असे प्रत्येक आदेशात गृहीत धरलेले असते. शेजारीपाजारी आणि नातेवाईक ते मान्य करत नाहीत, हा भाग वेगळा. कायद्याच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहाव्यात. आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने काढला आहे का, निलंबन काळातील मुख्यालय त्यात नमूद आहे का, आणि निर्वाह भत्ता, म्हणजे निलंबन काळात पगाराऐवजी मिळणारी रक्कम, सुरू झाला आहे का. 48 तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. त्यासाठी प्राधिकाऱ्याच्या वेगळ्या मताची गरज नसते.

निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका असतो आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर त्याचा आढावा घ्यायचा असतो. विलंबाला कर्मचारी जबाबदार नसेल तर त्या रकमेत तिच्या निम्म्यापर्यंत वाढ करता येते. त्यासाठी दुसरीकडे नोकरी किंवा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते दर महिन्याला न चुकता द्यावे, कारण भत्ता अडवण्याचे सर्वांत सोपे निमित्त तेच असते. भत्ता न मिळाल्यामुळे चौकशीच्या ठिकाणी जाणेच अशक्य झाले असेल, तर ते चौकशी अधिकाऱ्याला तारखेआधी लेखी कळवावे. अशा परिस्थितीत झालेली एकतर्फी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या घनश्याम दास श्रीवास्तव आणि 1999 च्या कॅप्टन एम. पॉल अँथनी या प्रकरणांत अमान्य केली आहे.

2015 च्या अजय कुमार चौधरी प्रकरणात न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने 9 जुलै 2019 रोजी शासन निर्णय काढला आहे. नव्वद दिवस उलटले असतील तर या निर्णयाचा हवाला देऊन पुनःस्थापनेचा अर्ज करावा.

दोषारोप वाचायचा कसा

ज्ञापनासोबत चार जोडपत्रे असतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्यांच्या पुष्ट्यर्थ घटनांचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. माझा सल्ला असा की पहिले जोडपत्र वाचून अस्वस्थ होण्याऐवजी तिसऱ्यापासून सुरुवात करावी. शासनाच्या हातात काय आहे हे यादीवरून कळते आणि मग दोषारोपातील कोणत्या वाक्याला कशाचाच आधार नाही, हेही दिसू लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका भांडारपालावरील दोषारोप असा आहे: ‘आपण भांडाराच्या नोंदी योग्य प्रकारे न ठेवता शासनाचे आर्थिक नुकसान केले व कर्तव्यपरायणता राखली नाही.’ याला कोणी कसे उत्तर द्यावे? कोणत्या नोंदी, कोणत्या तारखांच्या, किती नुकसान, यांतले काहीच त्यात नाही. आता हाच दोषारोप असा वाचा: ‘आपण भांडारपाल पदावर कार्यरत असताना साठा नोंदवहीच्या पान 41 वर 120 रिम कागद प्राप्त झाल्याची नोंद 3 जून रोजी घेतली, 28 जूनच्या प्रत्यक्ष पडताळणीत 74 रिम आढळले, उर्वरित 46 रिमच्या वाटपाची नोंद किंवा मागणीपत्र उपलब्ध नाही.’ दुसऱ्या मसुद्यात कर्मचाऱ्याला काय नाकारायचे ते कळते आणि शासनाला काय सिद्ध करायचे तेही कळते. पहिल्या प्रकारचा दोषारोप आल्यास निवेदनाच्या सुरुवातीलाच तो मोघम असल्याचा आक्षेप नोंदवावा आणि नेमका तपशील मागावा. दोषारोपात ‘आपण दोषी आहात हे सिद्ध झाले आहे’ अशी भाषा असेल तर तोही स्वतंत्र आक्षेप आहे, कारण निर्णय आधीच झाला असेल तर चौकशी हा देखावा उरतो. 2010 च्या ओरिक्स फिशरीज प्रकरणात न्यायालयाने कारणे दाखवा नोटिशीतील अशा भाषेवर बोट ठेवले होते.

दोषारोपपत्राला सक्षम शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याची, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची, मान्यता आहे का, हेही पाहावे. केवळ चौकशी सुरू करण्यास मान्यता घेऊन दोषारोपांचा मसुदा परस्पर काढल्यामुळे सगळी कारवाई कोसळल्याचे उदाहरण बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात 2013 साली घडले आहे. नस्तीवरील टिपणीची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

कागदपत्रे आणि बचावाचे निवेदन

निवेदनासाठी ज्ञापनात मुदत दिलेली असते आणि ती थोडीच असते. तिसऱ्या जोडपत्रातील कागदपत्रे मिळाली नसतील तर मुदत संपण्याआधी दोन गोष्टी एकाच पत्रात लिहाव्यात: प्रती द्याव्यात किंवा मूळ कागद पाहू द्यावेत, आणि ते मिळाल्यापासून निवेदनासाठी वाजवी मुदत द्यावी. प्राथमिक चौकशीत घेतलेले जबाब शासन वापरणार असेल तर त्यांच्या प्रती मिळणे हा बचावाचा गाभाच आहे. 1986 च्या काशिनाथ दीक्षिता प्रकरणात अशा प्रती नाकारल्यामुळे शिक्षा रद्द झाली होती.

यादीत नसलेले पण बचावाला लागणारे कागदही मागता येतात, फक्त त्यांचा संबंध सांगावा लागतो. आपल्या भांडारपालाने ‘सर्व संबंधित कागदपत्रे द्यावीत’ असे लिहिले तर अर्ज फेटाळला जाईल आणि तो रास्तही ठरेल. त्याऐवजी ‘भांडाराच्या दोन किल्ल्यांपैकी दुसरी किल्ली जूनमध्ये कोणाकडे होती हे दाखवण्यासाठी त्या महिन्याची किल्ल्यांची नोंदवही आवश्यक आहे’ असे लिहिले, तर नकार देणाऱ्यालाच कारण लिहावे लागते.

निवेदनात प्रत्येक दोषारोप स्वतंत्रपणे मान्य किंवा अमान्य करावा. ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करतो, तथापि दोषारोप अमान्य आहेत’ हे वाक्य मी अनेक निवेदनांत पाहिले आहे. लिहिणाऱ्याला ते नम्रतेचे वाटते. चौकशी अहवालात त्याचा पहिला अर्धा भाग कबुली म्हणून येतो. पूर्ण बचाव याच टप्प्यावर उघड करण्याची सक्ती नाही. थोडक्यात नकार आणि प्रक्रियेवरील आक्षेप एवढेही पुरते.

चौकशी कोण करणार

चौकशी अधिकारी हा शासनाचा वकील नसतो. शासनाची बाजू मांडण्यासाठी सादरकर्ता अधिकारी नेमलेला असतो आणि चौकशी अधिकाऱ्याने दोघांपासून सारखे अंतर ठेवायचे असते. ज्याने प्राथमिक चौकशी केली, ज्याने तक्रार केली किंवा जो साक्षीदार आहे, त्याने चौकशी अधिकारी होऊ नये, हे 1958 च्या महंमद नूह प्रकरणापासून ठरलेले आहे. तेथे चौकशी करणाऱ्यानेच स्वतःची साक्ष नोंदवली होती. पक्षपाताची शंका असेल तर ती पहिल्या सुनावणीपूर्वी, ठोस कारणांसह, शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे लेखी मांडावी. अहवाल विरोधात गेल्यानंतर सुचलेला पक्षपात कोणी ऐकत नाही.

येथे एक शब्द खटकतो तो सांगून टाकतो. आपल्या कार्यालयीन मराठीत चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्याला ‘अपचारी’ म्हणतात, म्हणजे निर्णयाआधीच त्याच्या नावामागे अपचार, म्हणजे गैरवर्तन, लागतो. रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या त्या त्या दिवसाच्या नोंदीत, ‘संबंधित कर्मचारी’ असे लिहिल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

बचाव सहाय्यक म्हणून दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. वकील मात्र हक्काने मिळत नाही. सादरकर्ता अधिकारी विधी व्यावसायिक असेल किंवा प्रकरण पाहून प्राधिकाऱ्याने परवानगी दिली तरच मिळतो. समोर कायद्याचा जाणकार बसवून कर्मचाऱ्याला वकील नाकारणे अन्यायाचे ठरते, असा निर्णय 1983 साली मुंबई बंदर विश्वस्तांच्या प्रकरणात झाला. सहाय्यक निवडताना हुद्द्यापेक्षा सवड पाहावी. ज्याला नस्त्या वाचायला वेळ आहे, असा मध्यम फळीतला माणूस नावाजलेल्या पण व्यग्र अधिकाऱ्यापेक्षा उपयोगी पडतो.

सुनावणी, उलटतपास आणि रोजनामा

पहिल्या तारखेला दोषारोप मान्य आहेत का हे विचारले जाते, कागदपत्रांची तपासणी होते आणि पुढचा कार्यक्रम ठरतो. त्यानंतर शासनाचे साक्षीदार येतात. कागद केवळ यादीत आहे म्हणून सिद्ध होत नाही. तो कोणी लिहिला, कोणी तयार केला, हे सांगणारा साक्षीदार लागतो. 2009 च्या रूपसिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: पोलिसांनी जमवलेले कागद चौकशीत नुसते हजर करणे म्हणजे पुरावा देणे नव्हे. दुसऱ्या बाजूने, विभागीय चौकशीला पुराव्याचा कायदा काटेकोरपणे लागू नसतो आणि दोष सिद्ध होण्यासाठी फौजदारी खटल्याइतकी निःसंशयता लागत नाही. अधिक संभाव्य काय, यावर निष्कर्ष काढता येतो. त्यामुळे एखाद्या तांत्रिक उणिवेवर सगळा बचाव उभारणे धोक्याचे आहे.

साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष, झाल्यावर उलटतपास घेण्याचा, म्हणजे त्याला आपले प्रश्न विचारण्याचा, हक्क आहे. साक्षीदाराचा जुना जबाब वाचून दाखवायचा, ‘हा बरोबर आहे’ एवढेच त्याच्याकडून वदवून घ्यायचे आणि कर्मचाऱ्याला ती प्रत तिथल्या तिथे देऊन लगेच उलटतपास घ्यायला लावायचे, ही पद्धत अजून दिसते. अशा वेळी तारीख मागावी आणि मागितल्याची नोंद करून घ्यावी.

उलटतपासात थोडके आणि ठरवलेले प्रश्न विचारावेत. आपल्या उदाहरणातील पडताळणी करणारा अधिकारी साक्षीला आला आहे असे समजा. ‘आपण खोटे बोलत आहात ना?’ या प्रश्नाने काहीच मिळत नाही. ‘पडताळणीच्या वेळी भांडारपाल हजर होते का?’ ‘नाही, ते रजेवर होते.’ ‘कुलूप कोणत्या किल्लीने उघडले?’ ‘कार्यालयातील दुसऱ्या किल्लीने.’ ‘ती कोणाच्या ताब्यात असते?’ ‘अधीक्षकांच्या.’ ‘पंचनाम्यावर भांडारपालांची सही आहे का?’ ‘नाही.’ येथे थांबावे. यापुढचा ‘मग चोरी कोणी केली?’ हा प्रश्न विचारण्याचा मोह आवरावा, कारण त्याचे उत्तर आपल्याला माहीत नसते आणि साक्षीदार ते आपल्या विरोधात देऊ शकतो. साक्षीदाराने चार उत्तरांत जे दिले, ते युक्तिवादात जोडून दाखवायचे असते.

रोजनामा हा चौकशीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. कोण हजर होते, कोणता अर्ज आला, त्यावर काय निर्णय झाला, पुढची तारीख कोणती, हे त्यात त्या दिवशीच आले पाहिजे आणि सर्वांच्या सह्या झाल्या पाहिजेत. सही करण्याआधी तो वाचावा. किल्ल्यांच्या नोंदवहीची मागणी तोंडी फेटाळली गेली असेल आणि रोजनाम्यात तिचा उल्लेख नसेल, तर सहीच्या वर ‘नोंदवहीची मागणी केली होती, ती अमान्य करण्यात आली, कारण नोंदवलेले नाही’ असे लिहून मगच सही करावी. तसे लिहू दिले नाही तर त्याच संध्याकाळी पत्र द्यावे किंवा ईमेल पाठवावा. 1996 च्या एस. के. शर्मा प्रकरणानंतर न्यायालये प्रत्येक उणिवेवर आदेश रद्द करत नाहीत. त्या उणिवेमुळे बचावाला प्रत्यक्ष काय बाधा पोहोचली, हे दाखवावे लागते. ती बाधा दाखवायला रोजनाम्यातील हीच ओळ लागते.

शासनाचा पुरावा संपल्यावर बचावाचे साक्षीदार तपासले जातात. कर्मचाऱ्याने स्वतःची साक्ष दिली नसेल तर त्याच्याविरुद्ध पुराव्यात आलेल्या बाबींवर चौकशी अधिकाऱ्याने त्याला प्रश्न विचारायचे असतात. घाईत हा टप्पा वगळला जातो, म्हणून त्याची आठवण करून द्यावी. मग दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद येतात.

कर्मचारी गैरहजर राहिला तरी चौकशी अधिकाऱ्याचे काम कमी होत नाही. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासावे लागतात आणि कागद सिद्ध करावे लागतात. 2010 च्या सरोजकुमार सिन्हा प्रकरणात हे स्पष्ट झाले आहे. ‘अपचारी गैरहजर, सबब दोषारोप सिद्ध’ अशा एका ओळीचा अहवाल अपिलात टिकत नाही.

अहवालानंतर

शिस्तभंगविषयक प्राधिकारी आणि चौकशी अधिकारी वेगळे असतील तर निर्णयापूर्वी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे. 1990 चे महंमद रमजान खान आणि 1993 चे करुणाकर ही दोन प्रकरणे याचा आधार आहेत. अहवालावर अभिवेदन, म्हणजे आपले लेखी म्हणणे, सादर करताना पुन्हा संपूर्ण कहाणी सांगू नये. अहवालातील परिच्छेद क्रमांक घ्यावा, त्याने कोणता पुरावा विचारात घेतला नाही ते पान क्रमांकासह दाखवावे, आणि पुढच्या परिच्छेदाकडे जावे.

कधी कधी चौकशी अधिकारी निर्दोष ठरवतो आणि प्राधिकाऱ्याला ते पटत नाही. असहमत होण्याचा अधिकार त्याला आहे. मात्र आपली तात्पुरती कारणे कळवून कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकल्यानंतरच तो वेगळा निष्कर्ष नोंदवू शकतो, असे 1998 च्या कुंजबिहारी मिश्रा प्रकरणात ठरले. कळवलेल्या कारणांत ‘अहवालाशी सहमत नसून दोषारोप सिद्ध झाल्याचे माझे मत आहे’ असे अंतिम शब्द असतील तर त्यावर आक्षेप घ्यावा.

शिक्षेच्या आदेशात कारणे हवीत. कर्मचाऱ्याच्या जुन्या शिक्षांचा विचार करून कडक शिक्षा द्यायची असेल तर त्या त्याला आधी कळवलेल्या असाव्यात. सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे यांत फरक आहे: पहिलीमुळे भावी शासकीय नोकरीचा मार्ग बंद होत नाही, दुसरीमुळे सर्वसाधारणपणे होतो. चौकशीच्या कालावधीबाबत 2015 च्या प्रेमनाथ बाली प्रकरणात सहा महिन्यांची अपेक्षा आणि अटळ कारणे असल्यास एक वर्षाची मर्यादा सांगितली आहे. प्रत्यक्षात किती चौकश्या त्यात बसतात हे प्रत्येक आस्थापना शाखेला ठाऊक आहे. तरीही विलंबावर पत्र लिहिताना हा निर्णय नमूद करावा. सेवानिवृत्तीनंतर नवी चौकशी सुरू करायची असेल तर निवृत्तिवेतन नियम, 1982 च्या नियम 27 प्रमाणे शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही.

शिक्षेविरुद्ध अपिलाची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवस आहे. अपील आपल्या नावाने, संयत भाषेत, आणि ज्या प्राधिकाऱ्याने आदेश काढला त्याला प्रत देऊन करावे. त्यानंतरचा टप्पा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा. अपिलाचा अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्षात तेथे अर्ज करावा लागतो. अपिलावर सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. अपील प्रलंबित आहे म्हणून स्मरणपत्रे पाठवत बसणाऱ्यांची मुदत इथेच निघून जाते, कारण स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. म्हणून अपील दाखल केल्याच्या पोचेवरील तारखेपासून सहा महिने आणि त्यापुढे एक वर्ष मोजून ती शेवटची तारीख नस्तीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.